आईच्या खाटेवरचं छप्पर

आमच्या पत्र्यांवरचे दगड उतरवले तेव्हापासून मला वाऱ्याची भीती वाटायला लागली. त्याआधी मी फक्त उन्हाला भ्यायचे.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात पत्र्यावर दगड असणं म्हणजे दाराला कडी असण्यासारखं आहे. वैशाखात वादळ सुटलं की पत्रे उडतात, म्हणून जो तो वर धोंडे मांडून ठेवतो. शिवाय छपराच्या लोखंडी अँगलला आतून दोर बांधलेला असतो. वारा फारच पिसाळला की घरातली माणसं त्या दोराला लोंबकळतात आणि आपल्या वजनाने छप्पर खाली ओढून धरतात. हसू नका, मीही लहानपणापासून लोंबकळत आले आहे.

आईला लकवा झाला आणि सगळंच बदललं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिची खाट पत्र्याखालीच. आम्ही वर ओली पोती टाकायचो, ती घटकेत वाळायची. मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं, तेही घरात, खाटेवर पडल्या पडल्या. सलाईनवर कशीबशी वाचली. स्लॅब टाकावा तर आमच्या मातीच्या भिंती तो पेलणार नाहीत. मी धुळ्याला नोकरीला जाते. एसटीच्या खिडकीतून वाफाळणारी शेतं दिसायची. संध्याकाळी घरी पोचेन तेव्हा ती असेल ना, एवढंच मनात असायचं.

फैजपूरकडे केळीच्या शीतगृहांना ऊन आत येऊ नये म्हणून फोम मारणारा एक माणूस कळला. तो जळगावहून मशीन घेऊन आला. दगड उतरवले, पत्रे घासले. नळीतून पातळ फवारा निघायचा आणि दूध उतू यावं तसा डोळ्यांदेखत फुगून घट्ट व्हायचा. त्यावर पांढरा लेप दिला. जाताना त्याने बजावलं, "वाऱ्याची काळजी करू नका, हा पत्रे एकमेकांना घट्ट जोडून धरतो. उन्हाला मात्र कच्चा. लेप फाटला की ऊन आत शिरतं, फोमचा भुगा होतो, मग पाणी मुरतं. वर काही ठेवू नका, पापड-कुरडया वाळत घालू नका. काही वर्षांनी लेप पुन्हा द्यावा लागेल."

आबा, म्हणजे माझे वडील, मुकाट ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "उनले घाबरस ते खान्देशमा काय टिकी?"

"लेप शे ना वर, आबा. आते दगड नही लागतस."

"वारा तुना त्या माणूसले इचारीसन येस का?"

मी खाटेकडे बोट दाखवलं. आई त्या दुपारी घोरत झोपली होती, मला तेवढं पुरे होतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी पत्रे खडखडायचे आणि त्या आवाजावरून वाऱ्याचा जोर कळायचा. फोमने छप्पर मुकं केलं. आता वर काय चाललंय याचा पत्ताच लागेना, आणि ती शांतता मला आवाजापेक्षा जास्त छळायला लागली. रविवारी घरी असले की मी उगाच मान वर करून बसायचे.

अशाच एका रविवारी दुपारी धुळ्याच्या बाजूने आभाळ काळं-पिवळं झालं. आईला उचलून शेजारच्या स्लॅबखाली नेऊ म्हणेपर्यंत धुळीने दार लोटून दिलं. बाहेर कुणाचा तरी पत्रा आपटत गेला. आमच्या छपराचा आवाज नाही. आबांनी धावत जाऊन दोर धरला.

"आबा, सोडा तो. काही नही व्हस," मी ओरडले. ओरडताना मीही वरच बघत होते.

तेवढ्यात पाऊस कोसळला आणि आईच्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. फोम सुटला, आता पत्रा जाणार आणि आई उघड्यावर पडणार, एवढंच मला सुचलं. माझी सगळी ऐट गळाली. मी आबांच्या हातांच्या वर दोर धरून लटकले. आई खालून आम्हा दोघांकडे बघत होती. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते.

वादळ गेलं तेव्हा मागच्या घरचा पत्रा निंबाच्या झाडात अडकला होता. आमचा एकही हलला नव्हता. मग पाणी कुठून आलं?

सकाळी शिडी लावून वर गेले. सगळं छप्पर पांढरंशुभ्र, आणि बरोबर खाली आईची खाट येते तिथे एक धोंडा. त्याने घासून लेप फाडला होता. भोवतीचा फोम उन्हाने तपकिरी पडला होता, बोट लावताच त्याचा भुगा झाला. खालचा दाबला तर पाणी निघालं, तेच खिळ्याच्या भोकातून आत झिरपलं होतं.

धोंडा अंगणात भिरकावून मी खाली उतरले. तोंडाला येईल ते बोलणार होते. आबा शिडी धरून उभे होते.

"येकच ठेवेल व्हता," ते म्हणाले. "तुनी मायना डोकावर उघडं कसं सोडू? माले झोप नही लागे."

मी अंगणातला धोंडा उचलून भिंतीशी लावून ठेवला. फोमवाल्याला बोलावलं, त्याने खराब भाग कापून भरला, लेप दिला.

आज पुन्हा आभाळ तसंच आलंय. वर दगड नाही, मी स्वतः चढून पाहिलंय. छप्पर टिकेल हेही मला माहीत आहे, तरी दोराखाली येऊन उभी राहिलेय. आबांनी दोराला खाली जोड दिलाय. मला तो कमरेला गुंडाळून लटकता यावं म्हणून, असं सांगतात. त्याचं टोक लोंबत खाटेपर्यंत आलं आणि आईने ते डाव्या हाताने धरलं. तिला ओढ बसेल म्हणून मी तिची मूठ सोडवायला गेले, तर तिने सोडली नाही.