पाठमोऱ्या आप्पांचा उजवा हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. जत्रेत कुणाच्या अंगात आलं की मी "काकू, पाणी देऊ का?" असं विचारते आणि आईचा धपाटा खाते. सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते रिजेक्ट, हा माझा धर्म. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी तक्रार नाही... मीही हसले असते.

माझे वडील, आप्पा, गुळव्या. केडगावच्या जवळ मामांचं गुऱ्हाळ आहे, तिथे चाळीस वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत उकळत घट्ट होतो आणि मग एक क्षण असा येतो की काहील तेव्हाच चुलवाणावरून उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. हातात जेमतेम काही सेकंद. तो क्षण ओळखतो तो गुळव्या. बाकीचे थंड पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतात. आप्पांनी कधी बघितली नाही. तोंडाने 'उतरवा' सुद्धा म्हणायचे नाहीत, नुसता उजवा हात वर करायचे. चौघं गडी दांडे धरून त्या हाताकडे बघत उभे असायचे. आप्पांच्या गुळाला नाव ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आणि हे मुलगी म्हणून नाही, क्वालिटीवाली म्हणून सांगतेय.

सुट्टीला गेले की मी वही घेऊन त्यांच्या मागे लागायचे.

"आप्पा, नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

"दिसत न्हाई. कळतंय."

"म्हणजे वास बदलतो? आवाज?"

"आगं कळतंय म्हनलं न्हवं! भूक लागल्याली कशी कळती तुला? वही बघून?"

तरी मी वही भरली. बुडबुड्याचा आकार, फेसाचा रंग, तापमान, सगळं.

दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समोरच्याचं सगळं समजायचं, पण शब्द फुटायचा नाही. चार महिने व्यायाम करून घेतला, पाय थोडा सुधारला, उजवा हात मात्र लाकूड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या हाताची आशा धरू नका. मला रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शब्द होते तेव्हा ज्यांना सांगता आलं नाही, ते आता काय सांगणार? चाळीस वर्षांची विद्या त्यांच्यासोबतच जाणार होती. त्यांना मी एकटीच.

मामा म्हणाले, "आता कायमचा दुसरा गुळव्या बघावा लागंल, पोरी."

मी म्हणाले, "मी करते."

मामा हसले. पण आप्पांचं तोंड बघून म्हणाले, "बरं. दोन काहिली तुझ्या हातावं. न्हाई जमलं तर आपलं वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

पहिली काहील मी वहीबरहुकूम केली. कंपनीतल्यासारखी तापमानाची गन आणली होती. आकडा आला, हात वर केला, काहील उतरली... आणि थंड करायच्या वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतलेला गूळ दुसऱ्या दिवशीही लिबलिबीत! गन वरच्या फेसाचं तापमान दाखवत होती, आतल्या रसाचं नाही. दुसऱ्या कुणी हीच चूक केली असती तर मी त्याला मेमो दिला असता. सगळा माल परत काहिलीत टाकावा लागला. गडी तोंड फिरवून हसत होते.

दुसरी काहील दुपारी चारच्या सुमारास रंगात आली. आप्पा खुर्चीवर, माझ्या मागे. मी वही बघायची, मग वळून त्यांच्याकडे बघायची, पुन्हा वही. आप्पा वैतागले. डाव्या हाताने मामांना खूण केली — खुर्ची फिरवा. मामांनी फिरवली. आप्पा काहिलीकडे पाठ करून, उसाच्या फडाकडे तोंड करून बसले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. असं वाऱ्यावर सोडतात का कुणाला? मी वही मिटून खाली ठेवली आणि काहिलीकडे बघत राहिले.

पुढचं सांगताना माझी पंचाईत होते. डोळ्यांना काही वेगळं दिसलं नाही. वास तोच, आवाज तोच. रामसजन, आमचा दांड्यावरचा गडी, विचारत होता, "दीदी, उतारें क्या?" आणि मग... कळलं. 'आता' हा शब्दसुद्धा मनात आला नाही, त्याआधीच माझा हात वर होता. काहील उतरली, रस वाफ्यात गेला.

मी घाम पुसत वळले तर मामांचे डोळे भरलेले. "आप्पांचा हात... उजवा हात वर झाला पोरी, तुझ्या बरुबरच!"

रामसजननेही तेच सांगितलं. पाठमोरे आप्पा, आणि खुर्चीवरून सरळ वर गेलेला उजवा हात. मग धपकन मांडीवर पडला. मी बघितला नाही, मी काहिलीकडे बघत होते. फोटो कोण काढणार, सगळ्यांचे हात कामात.

डॉक्टर म्हणाले, जांभई देताना असा हात कधीकधी आपोआप उचलला जातो. आप्पांनी जांभई दिली नव्हती, असं मामा शपथेवर सांगतात. बरं, पाठमोऱ्या आप्पांना कानाने क्षण कळला असेल, हे मी धरून चालते. पण हात? आणि माझा हात कुणी उचलला? घरी येऊन वहीत लिहायला बसले. 'कळतंय' एवढंच लिहिलं आणि मिटली.

गूळ मात्र असा बसला की ढेपेवर टिचकी मारावी आणि खणकन वाजावं! त्यानंतर उरलेला हंगाम मीच काढला, रजा आणि रविवार जोडून. एकही काहील बिघडली नाही. आप्पांचा उजवा हात पुन्हा कधी हलला नाही. का हलला होता, मला आजही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात तळेगाव ढमढेऱ्याचे एक पाहुणे गूळ बघायला आले. खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, मग माझ्यावरून नजर फिरवत गड्यांकडे बघून म्हणाले, "हितला गुळव्या कोन हाय वो?"

कुणी बोलायच्या आत आप्पांनी खुर्चीतून डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. पाहुण्यांची मान वळेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.