श्राद्धाचा स्वयंपाक

३ जुलै २०२४, बुधवार. नळाला पाणी उशिरा आले. भव्याला ओरगडमच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळाली. सोमवारी हजर व्हायचे आहे. सोमवारीच यांचे श्राद्ध.

एवढं लिहून हेमलताबाईंनी डायरी मिटली. आता घरात काय होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

भव्या त्यांची सून. अंबत्तूरच्या लहानशा कारखान्यात बरीच वर्षं राबल्यावर तिला ही संधी मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. रघूनं मैसूरपाक आणला, बायकोचं तोंडभर कौतुक केलं आणि मग म्हणाला, की माझी काही हरकत नाही, पण आईला काय वाटेल? हेमलताबाईंच्या नणंदेनं, तुळजानं, तर फोनवर निकालच दिला. श्राद्धाचा स्वयंपाक सुनेनंच सोवळ्यात करायचा, ही पूर्वज तंजावरला होते तेव्हापासूनची रीत; वहिनींचं मन मोडू नका. भव्या फोन घेऊन नकार कळवायला बसली.

सगळ्यांच्या तोंडी हेमलताबाईंचं नाव होतं. त्यांना विचारलं मात्र कुणी नव्हतं. त्यांचं कॉलेजही वडिलांनी असंच, आजीला आवडणार नाही म्हणून थांबवलं होतं. आजीला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी भव्याला फोन खाली ठेवायला सांगितलं आणि रघूकडे वळल्या.

"श्राद्धाला कोण बसणार?"

"मी."

"सोवळंही तूच नेसणार. मग स्वयंपाकही तूच कर."

"आई, मला साधा भात येत नाही. तू कर ना."

"मी केला, तर पुढच्या वर्षी पुन्हा भव्याचंच नाव निघेल. चार दिवस आहेत. शीक."

अनंतकृष्ण भटजींना त्यांनी स्वतः फोन केला. मुलाच्या हातचं चालतं, वेळेवर वाढा म्हणजे झालं, असं ते म्हणाले. तुळजा मात्र रुसली.

सोमवारी उजाडायच्या आत भव्या कंपनीच्या बसनं गेली. हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि सांगत राहिल्या; हात कशालाच लावला नाही. दोन वडे तेलात फुटले. भात चिकट झाला. भटजी वेळेवर जेवले. तुळजा आलीच होती.

"मीठ कमी आहे गं, वहिनी," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक वडा मागून घेतला.

भव्या अंधार पडता पडता परतली. तिला जेवायला रघूनं वाढलं. हेमलताबाईंनी डायरी उघडली.

८ जुलै, सोमवार. श्राद्ध झाले. भव्या कामावर रुजू झाली. रात्रीचे विरजण रघूने लावले. दूध जरा गरम होते.