वर्षाने आणलेला फोटो

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटपासून मनातलं तुम्हालाच सांगत आले, म्हणून आजचंही सांगते.

माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी वर्षा वर्षभर चामोर्शीच्या धानाच्या तुसाची राख करून त्यातून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण काढत होती. पाण्यातले हे कण सावकाश वाळवले की आपले आपणच रचून बसतात आणि मधल्या फटींमुळे जाळीदार पदार्थ तयार होतो. त्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो तिने आणला, तेव्हा मी सगळ्यांसमोर आनंदाने रडले होते.

आज दुपारी इंटरनेटवर सहज चित्रं शोधताना तोच फोटो दिसला, कोपऱ्यातल्या तुटक्या कणासकट. परदेशातल्या कोणाच्या तरी जुन्या लेखात.

वर्षाला बोलावलं. तो लेख तिच्यासमोर ठेवला.

"आपले कण जमलेच नाई बाई. सगळा गोळा झाला."

"मग मला सांगायचं ना!"

"कशी सांगू? तुम्ही रोज दारातच इचारत होत्या, फोटो आला का म्हणून. तुमचं उतरलेलं तोंड मले पाहवत नव्हतं."

लेकीसारखा जीव लावला होता हो! फसवलं तिने आणि कारण म्हणे मी.

याच कामावर तिच्या पीएच.डी.साठी मी शिफारसपत्र पाठवलंय. ते मागे घेतलं तर तिचं शिक्षण थांबेल, नाही घेतलं तर माझी सही खोटी. मागे घेण्याचं पत्र मघाशी लिहून झालं. पण ते तिला सांगायला माझीच जीभ रेटत नाही. तुम्ही कसं सांगितलं असतं?