भाऊसाहेबांची पीकपाहणी

जगात एकूण जमीन किती, त्यातली कसली जाते किती आणि पडून राहते किती, याचा नक्की आकडा परमेश्वराकडे असेल असं मला वाटत नाही. असता तर एव्हाना एखाद्या कचेरीनं तो मागवून, वाढवून परत पाठवला असता. पण शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकत गेलेल्या सात गावांपुरता तो आकडा एका माणसाकडे होता. ते म्हणजे आमचे तलाठी भाऊसाहेब. तलाठ्याला आमच्याकडे सगळेच भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा आठवत असेल की नाही, शंका आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. गावोगावच्या पीकपाहणीचे आकडे माझ्या टेबलावर येत आणि मी त्यांची बेरीज करून धुळ्याला पाठवत असे. पीकपाहणी म्हणजे तलाठ्यानं प्रत्येक शेतात जाऊन काय पेरलं आहे, किती पड आहे, कोण कसतं आहे, हे पाहून लिहायचं. असं नियमात आहे. प्रत्यक्षात हे काम पाटलाच्या ओट्यावर, दुसऱ्या कपाच्या आधी संपतं. आमच्या एका तलाठ्यानं याच पद्धतीनं मसणवट्यात तूर पेरली होती, आणि ती सलग तीन वर्षं चांगली आली. भाऊसाहेब मात्र खरोखर चालत. सात गावं, खरीप आणि रब्बी, प्रत्येक सर्व्हे नंबर, डोक्यावर छत्री, काखेत दप्तर आणि मागे कपाळावर हात मारत येणारा कोतवाल. पेरलेला तुकडा किती आणि पड किती, हे ते पावलांनी मोजत, तेही मोठ्यानं. मधेच कुणी बोलावलं आणि आकडा चुकला, तर मुकाट्यानं बांधावर परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात करत. हे कळल्यावर खालच्या गावातल्या एका गुजर शेतकऱ्यानं त्याचा मोठा सुरेख उपयोग केला. त्याचा नांगर दर वर्षी बांध ओलांडून गायरानात हात-दोन हात पुढं जात असे. भाऊसाहेब शंभराच्या पुढं गेले की हा लांबून रामराम घाली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तो जवळच आला.

"भाऊसाहेब, ऊन कितलं शे. चहा पी ल्या ना आधी."

"घेतो. पण बांधापलीकडे घेतो," भाऊसाहेब म्हणाले. "तिकडे अजून तुमचंच शेत आहे की काय, ते एकदा बघू."

चहा गायरानातच झाला. भाऊसाहेबांनी त्याच्या साखरेचं कौतुक केलं आणि अतिक्रमणाचे अकरा गुंठे लिहिले.

लग्नाला बोलावलं तर मांडवाकडे बघून ते म्हणत, "गेल्या साली इथं बाजरी होती." एका वरपित्यानं हा आशीर्वाद समजून त्यांना वाकून नमस्कार केला. नोकरीला लागल्यापासून त्यांनी स्वतःची एक वही ठेवली होती. प्रत्येक सर्व्हे नंबरला एक पान, आणि त्यावर दर वर्षी एक खूण: पेरली की उभी रेघ, पड की शून्य. पंधरा-सोळा वर्षांच्या खुणा एकापुढे एक ठेवून ते मला समजावत की जमीन काही एका दिशेनं वाढत नाही. बरे पावसाळे आले की नांगर टेकड्यांवर चढतो, मुरमाच्या, दगडाच्या जमिनी मोडल्या जातात. पाऊस गेला की नांगर खाली उतरतो आणि वरच्या जमिनी उघड्या पडतात. समुद्राला भरती-ओहोटी असते तसं हे, असं ते म्हणत. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

"आणि सरकारला?" मी विचारत असे.

"सरकारला फक्त भरती दिसते."

हे त्यांनी माझ्यापाशी बोलून थांबायला हवं होतं. एकदा धुळ्याहून एक बडे साहेब आले. मागे हारांचं ताट, पुढे दोन शिपायांनी ताणून धरलेला एक रंगीत तक्ता. तक्त्यात हिरवा पट्टा दर वर्षी रुंद होत शेवटी कागदाच्या कडेपर्यंत गेला होता. त्यातला बराचसा हिरवा रंग माझ्याच टेबलावरून गेलेला होता, हे मी जाणून होतो आणि गप्प होतो. या तालुक्यातून पडीक जमीन कायमची गेली, असं साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. भाऊसाहेब उभे राहिले.

"साहेब, ती परत येते."

"कोण?"

"पड. दोन पावसाळे गेले की येते."

साहेब हसले. मग सगळे हसले. त्यानंतरचे दोन पावसाळे खरंच कोरडे गेले.

दमण्या पावरा हा तोरणमाळच्या पायथ्याच्या वरच्या गावातला. त्याच्याकडे सरकारी पडीतली चार एकर जमीन एकसाली पट्ट्यानं होती. म्हणजे दर वर्षी नवा पट्टा, आणि लागोपाठ दोन वर्षं जमीन पड राहिली तर पट्टा रद्द. ती जमीन जमीन नव्हतीच, दगड होते. त्यानं आणि त्याच्या बायकोनं ते वेचून चारी बाजूंनी कमरेइतका बांध रचला होता. पहिल्या कोरड्या वर्षी पेरलेलं उगवलं नाही आणि दुसऱ्या वर्षी पेरायला दाणे उरले नाहीत. दमण्या कुटुंब घेऊन सुरतेकडे ऊस तोडायला गेला. भाऊसाहेब दोन्ही वर्षी नऊ मैल चालून तिथं गेले, दगडी बांधावर उभे राहिले आणि दोन्ही वर्षी त्यांनी खरं तेच लिहिलं: पड. शेजारच्या तलाठ्याच्या सजात, म्हणजे त्याच्या गावांत, तशाच उघड्या जमिनींवर कागदोपत्री ज्वारी डोलत होती. त्यांचे पट्टे चालू राहिले. दमण्याचा रद्द झाला आणि जमीन खालच्या गावातल्या एका बागायतदाराच्या पुतण्याला मिळाली.

दमण्या परत आला तो सरळ कचेरीत. भाऊसाहेब माझ्या टेबलाशीच बसले होते. डोंगरातली माणसं सगळ्यांना 'तू' म्हणतात. त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही.

"भाऊसाहेब, मन्ही जमीन कोठे गई?"

"दमण्या, मी तिथं पड लिहिली होती. दोन्ही साल."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "तू खरंच लिखं. तठे काहीच नव्हतं." आणि वर, "पन मी ते परत येनार व्हतू ना."

"ते लिहायला जागा नव्हती," भाऊसाहेब म्हणाले. हे त्यांनी दमण्याला सांगितलं की मला, कळलं नाही.

नंतरच्या सहा महिन्यांत त्यांनी चार अर्ज लिहिले आणि दोनदा स्वतः रजा काढून प्रांतसाहेबांना भेटले. शेवटी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की सदर जमीन पड असल्याचं खुद्द आपल्याच पाहणीत नमूद आहे, आणि आपली पाहणी अत्यंत विश्वसनीय असते असा या कचेरीचा अनुभव आहे. सगळ्या नोकरीत सरकारनं त्यांची एवढीच स्तुती केली. ते पत्र त्यांनी मला दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी घरी जाताना छत्री विसरून गेले.

मग पाऊस आला. पुतण्यानं विहीर खणली, इंजिन बसवलं, आणि दमण्याला वर्षाच्या बोलीनं सालदार ठेवलं, त्याच जमिनीवर. भाऊसाहेबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. खरिपाच्या पाहणीला ते वर गेले, तेव्हा कापूस गुडघ्याला लागला होता आणि दमण्या औत धरून होता. पुढचं मला बरोबरच्या कोतवालानं सांगितलं. प्रत्येक शेतात विचारायचा प्रश्न भाऊसाहेबांनी तिथंही विचारला.

"हे कोण कसतं?"

"मीच कसस," दमण्या म्हणाला. "नांगरस मी, पेरस मी, निंदस बी मीच." भाऊसाहेब लिहीनात, तेव्हा त्यानं बैल थांबवले आणि जवळ आला. "नाव मालकनं लिखी ले, भाऊसाहेब. तुन्ही नोकरी शे."

जमाबंदीच्या तपासणीला सगळ्या तलाठ्यांची दप्तरं कचेरीत जमा झाली. भाऊसाहेबांचं मी चाळत होतो. त्या नंबरावर पीक लिहिलं होतं, कापूस, क्षेत्र लिहिलं होतं, चार एकर, पड शून्य. कसणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा.

"इथं नाव राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही," ते म्हणाले आणि माठाकडे पाणी प्यायला गेले.

मी वाट पाहिली. ते बराच वेळ पाणी पीत होते. तपासणीचे साहेब सकाळी यायचे होते, आणि सरकारी रकाना जाणूनबुजून कोरा ठेवणाऱ्या तलाठ्याचं पेन्शनीच्या तोंडावर काय होतं, हे मी पाहिलेलं होतं. मी टाक बुडवला आणि त्या रकान्यात पुतण्याचं नाव लिहिलं. त्या वर्षी तालुक्याचं लागवडीचं क्षेत्र पुन्हा वाढलं. त्यातले चार एकर निदान खरे होते.

पुढच्या वर्षी त्यांनी नव्या तलाठ्याला कारभार सोपवला. मी साक्षीला होतो. पानं वाचून दाखवायची असतात; ती त्यांनी सगळी वाचली, गावामागून गाव, नंबरामागून नंबर. नवा तलाठी जांभया आवरत होता. त्या पानावर आल्यावर त्यांनी पीक वाचलं, क्षेत्र वाचलं, आणि नावाशी थांबले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"अक्षर बरं आहे तुमचं," ते हलकेच म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी ते नाव वाचलं, बाकीची वाचली होती तसंच, आणि पान उलटलं. वरच्या गावाची अजून बरीच पानं वाचायची होती.