रेंडु सार आणि खरं बोलणाऱ्या मुली

सारांना एकदा दिलेलं उत्तर कधीच पुरत नसे. मी त्या ऑफिसात नवीन होते तेव्हा जिन्यात गाठून त्यांनी मला विचारलं, "चेन्नई आवडली की?" मी लग्न होऊन सांगलीहून आलेली, नव्या नोकरीत शहाण्यासारखी वागणारी बाई. म्हटलं, "हो, खूपच." बरोबर पंधरा दिवसांनी, त्याच जिन्यात, त्याच सुरात पुन्हा तेच, "चेन्नई आवडली की?" त्या दिवशी मी बसमध्ये पाऊण तास एका पायावर उभी राहून आले होते. "आवडते कसली, डोंबल!" सारांना जराही राग आला नाही. त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "पहिले उत्तर त्या दिवसाचे असते मा. दोन्ही जुळली तर ते माणसाचे." तमिळमध्ये दोनाला रेंडु आणि सरांना सार म्हणतात, म्हणून सगळं ऑफिस त्यांना रेंडु सार म्हणायचं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हे मी खात्रीने लिहिते आहे, कारण मीही त्यांना दोनदा विचारलं होतं.

आमचं ऑफिस टी. नगरमध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली सेलचा कर्णा कोकलायचा आणि वर आम्ही माणसांचे स्वभाव मोजायचो. कंपन्या नोकरीसाठी आलेली माणसं आमच्याकडे पाठवत. आम्ही त्यांची बुद्धी, हाताचा वेग, धीर, मनमिळाऊपणा असं सगळं चाचण्यांनी मोजून अहवाल देत असू. सार या कामात चाळीस वर्षं मुरलेले. लाकडी ठोकळे आणि स्टॉपवॉच यांच्या काळापासूनचे. मी मानसशास्त्रातली एम. ए., पहिला वर्ग, कॉम्प्युटरवर चटचट निकाल काढणारी. सारांचं घराणं तंजावरकडच्या मराठ्यांचं. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून जपलेली त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतला कारकून हातात टिफिन घेऊन समोर आल्यासारखा वाटे. "मज", "तुजला" ऐकून सुरुवातीला मी तोंडाला पदर लावायची. पुढे हसू थांबलं आणि ऐकणं सुरू झालं.

चाचणी सुरू होण्याआधी उमेदवारांना सूचना द्यायच्या असतात. चाळीस वर्षांत त्या सारांना तोंडपाठ झाल्या होत्या, तरी दर वेळी ते कागद हातात धरून, चष्मा लावून, शब्दन् शब्द वाचत. एकदा एक मुलगा घाबरून थरथरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "घाबरू नकोस हं" म्हटलं. सारांनी मला बाहेर बोलावलं. "एकास हसून सांगितले आणि दुसऱ्यास न हसता, तर परीक्षा एक राहिली नाही, दोन झाल्या. धीर द्यायचा तर सगळ्यांस दे." त्यानंतर मी पाहिलं, सार आत शिरताच प्रत्येक तुकडीकडे बघून हसत. तेवढंच, तितकाच वेळ. ते हसूसुद्धा त्यांनी मापून घेतलेलं होतं.

चाचणी भरवशाची असणं वेगळं आणि खरी असणं वेगळं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. समजलं ते सारांमुळे. खालच्या दुकानात ब्लाउज शिवणारे एक मास्तर बसत. त्यांची टेप सारांनी मागून आणली आणि माझ्या मनगटाभोवती तीनदा गुंडाळली. तिन्ही वेळा आकडा एकच. "भरवशाची आहे की टेप?" मी मान डोलावली. "सरी, ठीक. आता या आकड्यावरून सांग, तुजला गाता येते किंवा नाही." मी हसले. सार हसले नाहीत. "हसू नको. अर्धे जग हेच करते. मोजते एक, सांगते दुसरे."

आणि अहवालात "हा माणूस लाजाळू आहे" असं लिहिलं की त्यांची तांबडी पेन्सिल आलीच. "याच्या उत्तरांत लाजाळूपणा अधिक दिसतो, असे लिही. माणूस तू पाहिला नाहीस. उत्तरे पाहिलीस." मला वाटायचं, म्हातारा शब्दांचा कीस काढतो. तो कीस कशासाठी होता, ते मला कलैमुळे कळलं.

एका खाजगी बंदर-कंपनीला उंच क्रेन चालवण्यासाठी पहिल्यांदाच मुली घ्यायच्या होत्या. आवडी नावाच्या उपनगरातल्या एका प्रशिक्षण केंद्रातून शिकलेल्या तीस मुली आमच्याकडे आल्या. बहुतेक कारखान्यातल्या कामगारांच्या लेकी, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. त्यात कलै होती, बारीक चणीची, दोन वेण्यांची. हाताच्या चाचणीत तिच्याएवढा स्थिर हात मी कधी पाहिला नव्हता. कंपनीची एकच खास अट होती. माणूस सच्चा हवा. क्रेनवर चूक झाली तर ती लपवणारा नको, लपवलेल्या चुकीने खाली कुणाचा तरी जीव जातो. अट रास्तच होती.

त्यासाठी स्वभावाच्या प्रश्नावलीत एक लाय स्केल, म्हणजे खोटेपणा मोजणारी पट्टी, असते. अठरा विधानं, इतर प्रश्नांत विखुरलेली. मी घरी खोटं सांगून बाहेर गेले आहे. मी शाळेला दांडी मारली आहे. मी न विचारता दुसऱ्याची वस्तू वापरली आहे. कल्पना अशी की या लहानसहान लबाड्या कुणाला चुकलेल्या नाहीत. मग जो नऊपेक्षा जास्त वेळा "नाही, नाही" म्हणतो, तो स्वतःला सोन्याचा मुलामा देतो आहे. कलैने चौदा वेळा "नाही" लिहिलं होतं. तिच्यासारख्याच आणखी अठरा मुली निघाल्या. कॉम्प्युटरने एकोणीस नावांपुढे तांबडी रेघ मारली. ती यादी मी ऐटीत कंपनीला पाठवून दिली. सार तेव्हा आठवडाभर रजेवर होते.

पंधरा दिवसांनी कलै आईला घेऊन ऑफिसात आली. हातात कंपनीचं पत्र. उत्तरं विश्वासार्ह नसल्याने निवड नाही. ती रडत नव्हती. सरळ उभी राहून म्हणाली, "मॅडम, नोकरी नसली तर नसली. मी खोटं काय बोलले तेवढं सांगा. ब्लॉकमधले सगळे विचारताहेत." मी पुस्तकी उत्तर दिलं की चाचणीची किल्ली, म्हणजे गुण मोजायची रीत, गुप्त असते, सांगता येत नाही. आतल्या खोलीतून सारांचा आवाज आला, "किल्ली गुप्त असते मा. आपली चूक गुप्त नसते." सार खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांनी प्रश्नावली उघडली आणि तेच प्रश्न, त्याच संथ आवाजात, तोंडी विचारायला लागले.

"घरी खोटं सांगून बाहेर गेलीस?"

"नाही सार."

आई मधेच म्हणाली, "कशी जाईल? आमच्या ब्लॉकच्या जिन्यात चार मामी बसलेल्या असतात. ही कोपऱ्यावर पोचायच्या आत मला बातमी!"

"शाळेला दांडी?"

"शाळा वसाहतीच्या आत, सार. गेटवर माझे काकाच होते."

"आईला उलटून बोललीस?"

"रोज," कलै म्हणाली. "रोज," आईही म्हणाली. मी कागद पाहिला. तिथे तिने "हो" असंच लिहिलं होतं.

सारांनी चाचणीचं माहितीपुस्तक मागितलं आणि शेवटची पानं उघडली, जी मी कधी उघडलीच नव्हती. "हे नऊचे माप कोणास विचारून ठरविले?" मी वाचलं. दूरच्या एका मोठ्या शहरातले, वसतिगृहात राहणारे कॉलेजचे मुलगे. माझा चेहरा उतरला. "त्या मुलांस दांडी मारावयास रस्ते होते," सार म्हणाले. "या पोरींस खोटे बोलावयास जागा कोठे होती?"

मग लागोपाठ चार रविवार आम्ही लोकलने आवडीला गेलो. आमच्या मालकांना हे पसंत नव्हतं, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून ते धुसफुसत होते. सार म्हणाले, "गिऱ्हाईक जाऊ दे. तराजू खोटा आहे हे कळल्यावर दुकान उघडता येत नाही." क्वार्टर्समध्ये त्यांनी निवडून बायका गाठल्या. ज्यांनी वीस-वीस वर्षं भांडाराच्या किल्ल्या कमरेला लावून काम केलं आणि एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, अशा. त्यांच्याकडून तीच प्रश्नावली भरून घेतली, अर्थात दोनदा. मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात खात त्यांनी सगळं लिहिलं. आणि काय सांगू, त्या किल्लीवाल्या बायका जवळजवळ सगळ्याच नऊच्या वर! सगळ्या वसाहतीने ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्या आमच्या मापाने अट्टल खोटारड्या ठरत होत्या.

कंपनीच्या एचआरच्या प्रमुख जयंती मॅडम होत्या. सोनेरी चष्मा, करारी बाई. आमचे कागद त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारले. "सार, चाचणी नामांकित आहे. मुली ठीक असतील, पण नियम म्हणजे नियम." मी मनातल्या मनात हात टेकले. सारांनी मात्र नम्रपणे विचारलं, "मॅडम, अठराच प्रश्न आहेत. आपण उत्तरे द्याल?" बाईंना नाही म्हणता येईना. सारांनी कागद हातात धरला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मी टेबलाखाली बाईंचे "नाही" बोटांवर मोजत होते. सात. आठ. नऊ. दहा. शेवटी तेरा.

"मॅडम," सार म्हणाले, "कोष्टकाप्रमाणे आपली उत्तरे विश्वासार्ह नाहीत."

बाई लाल झाल्या. "मी खोटं बोलले? सार, माझ्या सासूबाई अजून आहेत! त्यांना सांगितल्याशिवाय मी गच्चीवरसुद्धा गेलेली नाही!"

"ती पोर हेच सांगते आहे, मॅडम."

बाई जे हसू लागल्या ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. हसता हसताच त्यांनी आमचे कागद पुन्हा पुढे ओढले. एकोणीस मुलींना परत बोलावणं गेलं. लाय स्केल बाजूला ठेवून त्यांची परीक्षा क्रेनच्या नकली केबिनमध्ये झाली आणि कलै त्यात पहिली आली. आमच्या मालकांनी मैसूरपाक वाटला, जणू चारही रविवार आम्हाला त्यांनीच पदरमोड करून धाडलं होतं.

सारांनी मैसूरपाकाला हात लावला नाही. मला म्हणाले, "ती पोर खोटी, असे ब्लॉकभर झाले आहे. नोकरीने ते पुसत नाही. तुजला जाऊन सांगावे लागेल." मी गेले. जिन्यात त्या चार मामी बसलेल्याच होत्या. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, सगळ्यांदेखत मी कलैला म्हटलं, "एन तप्पु." माझी चूक. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि परतीच्या गाडीत इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. माझी पदवी खरी कुठे मिळाली, असं कुणी विचारलं तर मी आवडीच्या त्या जिन्याचं नाव सांगेन.

सार आता नाहीत. शेवटचं दुखणं, रुग्णालय, तांबरमच्या त्यांच्या घरातली ती सकाळ, हे सगळं मी पाहिलं, पण ते मला लिहायचं नाही. मला लिहायचा आहे तो त्यांचा निवृत्तीचा दिवस. हार, शाल, भाषणं. मालक सारांच्या निष्ठेवर बोलत असताना फोन वाजला. जयंती मॅडम. त्यांना सारांशीच बोलायचं होतं. सार उभ्याउभ्या ऐकत राहिले, अधूनमधून "सरी, सरी" म्हणत. मग त्यांनी फोन ठेवला.

मालकांनी दोन शब्द बोलायची विनंती केली. सार समोर आले आणि फोनवर ऐकलेलं सांगू लागले. काल बंदरात कलैच्या हातून एका कंटेनरचा कोपरा कठड्याला घासला होता. बोटभर पोचा. खाली कुणी नव्हतं, कॅमेऱ्यातही ती जागा दिसत नव्हती, एवढ्या उंचीवर ती एकटी. तिने काम थांबवलं, सगळ्या पायऱ्या उतरून खाली आली आणि आपणहून अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं. एवढं सांगून सार थांबले. गळ्यातला हार त्यांनी नीट केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

"चाळीस वर्षे मी दुसऱ्यांचे निकाल लावले," सार म्हणाले. "आज माझा लागला. पास झालो मी."