भिंतीपलीकडचं ग्वाकामोले

माझ्या बायकोच्या आत्यांइतका शेजारधर्म पाळणारी बाई उभ्या भोपाळात झाली नाही. शेजारी जिवंत असलाच पाहिजे, अशीसुद्धा त्यांची अट नसे.

हे वाक्य मी विनोद म्हणून लिहायला घेतलं आणि लिहिताना मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं, म्हणून आधी सगळं नीट सांगतो. आत्या मूळच्या नागपूरच्या. यजमान कारखान्यात लागले तेव्हा लग्न होऊन टाऊनशिपमध्ये आल्या आणि तेच क्वार्टर धरून बसल्या. यजमान निवृत्त झाले, पुढे वारले, क्वार्टर मात्र आत्यांकडे राहिलं. एके काळी त्या ओळीत संध्याकाळी इतकी मुलं खेळत की सायकल हातात धरून चालावं लागे. मी पाहिली ती ओळ वेगळी होती. लोक निवृत्त होऊन अवधपुरीत, नागपुरात, कुठेकुठे निघून गेले. रिकाम्या क्वार्टरांच्या चौकटी चोरीला जायला लागल्या, तेव्हा टाऊनशिपच्या ऑफिसने दारं-खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. डोळे आणि तोंड शिवून टाकलेल्या माणसांची रांग बसवावी तशी ती घरं दिसत. त्या रांगेत मधोमध एका घरात दिवा लागायचा, फोडणीचा वास यायचा आणि आतून खणखणीत आवाजात कोणीतरी म्हणायचं, "चपला बाहेर काढा बाप्पा, आत्ताच फरशी पुसली!"

आत्यांचा स्वभाव म्हणजे सतत कोणाला तरी काहीतरी पाठवणं. टाऊनशिपच्या भरभराटीच्या काळात त्यांच्या मागच्या भिंतीवरून वाट्यांची इतकी ये-जा असे की तेवढी वर्दळ रेल्वे स्टेशनावरही नसेल. बंगाल्यांकडे पुरणपोळी जायची, तमिळांकडून सांबार यायचं. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा नियम. घरात काही नसेल तर साखर घालून द्या, तीही नसेल तर चार तुळशीची पानं, पण वाटीचा तळ दिसता कामा नये. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडचा डबा रिकामाच परत नेला होता. आत्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "यांच्या घरी सगळं ठीक आहे ना गं?"

आता त्या फळाकडे येतो. आत्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या त्या कुर्गच्या काकू. दोघींची भाषा एक नव्हती. मोडक्या हिंदीवर आणि हातवाऱ्यांवर दोघींनी अख्खी हयात एकत्र काढली. त्या काकूंनी माहेराहून आणलेल्या लोणी-फळाची बी मागच्या अंगणात रुजवली होती. आपण ज्याला अ‍ॅव्होकॅडो म्हणतो आणि दुकानातला भाव बघून परत जागेवर ठेवतो, ते. भोपाळच्या उन्हात ते झाड टिकायला नको होतं, असं कृषी खात्यातला माझा एक मित्र दर वेळी सांगतो. दोन घरांच्या सावलीत, जुन्या लाइनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर ते टिकलं. पण फळ धरायच्या आधीच काकू दवाखान्यात एकाएकी गेल्या. त्यांचे यजमान गावी परतले, घराची दारं बुजली आणि मग झाडाला फळं लागली. श्रावण सरता सरता त्याची एक फांदी भिंतीवरून आत्यांच्या अंगणात वाकायची, जड होऊन.

या फळाचं करायचं काय, हे आत्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी दुधीसारखी भाजी केली. ती इतकी कडू झाली की दारातल्या कुत्र्याने वास घेतला आणि आत्यांकडे दुखावल्यासारखं बघत निघून गेलं. मग परदेशातल्या नातीने व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं आणि आत्यांच्या आयुष्यात ग्वाकामोले आलं. मी आजही तो शब्द दर वेळी वेगळा उच्चारतो. आत्या मात्र 'वरण' म्हणावं इतक्या सहज म्हणत. अर्थात नातीची कृती त्यांनी ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. फळ काढलं की ते कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. रोज सकाळी हात घालून, अंगठ्याने देठाची टिकली हळूच उचलून खालचा रंग बघायचा. मग तो दिवस उजाडला की लवंगी मिरच्या गॅसवर सरळ ज्वाळेत धरून काळ्या करायच्या, दगडी खलात लसूण आणि खड्याच्या मिठाबरोबर ठेचायच्या, आणि त्या जळजळीत ठेच्यावर तो हिरवा गर. फार घोटायचा नाही, गुठळी राहिली पाहिजे. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. "नात म्हणे थोडी मिरची घाल," आत्या सांगायच्या. "थोड्या मिरचीचं खाऊन माणूस जागा तरी कसा व्हायचा?" ते आम्ही ज्वारीच्या भाकरीशी खायचो आणि खाताना कोणीही बोलू शकत नसे.

आणि पहिली वाटी काढली जायची भिंतीपलीकडच्या बुजवलेल्या घरासाठी.

"त्यांच्या झाडाचं फळ," आत्या म्हणत, "मग त्यांना नको?" आम्ही हसत असू. म्हातारीचा छंद आहे, म्हणत असू. वाटी भिंतीवर ठेवायची आणि काही वेळाने ती घासून, धुऊन, आत काहीतरी घालून परत भिंतीवर असायची. कधी कढीपत्त्याची काडी, कधी लिंबू, कधी मूठभर जास्वंदीची फुलं. आमची सगळ्यांची पक्की खात्री होती की आत्याच हे करतात, आणि म्हातारं माणूस एकटं राहिलं की असं करतंच.

पुढे ती ओळ पाडायची ठरली. ऑफिसची नोटीस आली. पाणी आणि वीज तोडणार, घर सोडा. आत्यांच्या लेकीला आम्ही ताई म्हणतो. ती साकेत नगरात राहते, दवाखान्यात नोकरी करते. तिने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. आत्या जाईनात. "मी गेले तर त्यांची वाटी कोण घेणार?" एवढंच म्हणत. ताई रडकुंडीला आली. नातेवाइकांत कोणीतरी म्हणालं, डोक्याच्या डॉक्टरांचं पत्र घ्या आणि उचलून आणा. ताईला ते सहन होईना. आईला वेडी ठरवून घराबाहेर काढायचं? शेवटी समजूत घालायला माझी नेमणूक झाली. आमच्या घराण्यात ज्या कामात यश येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते माझ्याकडे येतं.

मी गेलो तेव्हा दुपार कलली होती. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "अम्मा को ले जाओ साहब. दिन ढले तो इधर हमारा भी जी घबराता है." आत्यांनी मला आत घेतलं, चपला काढायला लावल्या आणि काही बोलायच्या आत खल-बत्ता पुढ्यात ठेवला. "ठेचा, जवाईबापू. हात रिकामे असले की माणूस वेडंवाकडं बोलतो." मी ठेचला. मग त्याच हाताने चष्मा सावरताना डोळा चोळला. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी आत्यांची समजूत घालण्याऐवजी ढसाढसा रडत होतो, आणि आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "इतकं मनाला लावून घेऊ नका हो. मी काय आज मरते आहे का?"

डोळे उघडले तेव्हा त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "ठेवून या."

मागची भिंत माझ्या खांद्याएवढी. वाटी ठेवताना मी पलीकडे पाहिलं. गुडघाभर गवत माजलं होतं, सगळीकडे. झाडाखाली मात्र नाही. तिथे गोल जागा स्वच्छ झाडलेली होती. मातीवर खराट्याच्या ओळी उमटलेल्या, ओल्या. झाडाच्या मागे स्वयंपाकघराचं दार, वरपासून खालपर्यंत विटा.

मी आत येऊन आत्यांच्या समोर बसलो. मुद्दाम समोर, म्हणजे त्या उठल्या तर दिसाव्यात. त्या उठल्या नाहीत. भाकरीचं पीठ मळत होत्या. मी नातीची चौकशी केली, गुडघ्याची केली. कारखान्याचा भोंगा झाला आणि थांबला. त्यानंतरच्या शांततेत मला भिंतीपलीकडून पाण्याची बारीक धार ऐकू आली आणि स्टीलवर राख फिरवल्याचा आवाज. सावकाश, गोल गोल. जशी कोणतीही बाई कोणत्याही संध्याकाळी वाटी घासते तसा.

"वानर असेल," मी म्हणालो.

"वानर वाटी घासून देतं होय?" आत्यांनी पिठावरून मान न उचलता विचारलं. "जा, घेऊन या. पाणी निथळलं असेल."

वाटी भिंतीवर होती. ओली. आत मूठभर हिरवी मिरी, वेलीवरून आत्ताच खुडल्यासारखी. भोपाळात मिरीची वेल मी अजून पाहिलेली नाही. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे का, म्हणाल्या."

त्यानंतर ऑफिसवाल्यांनी पाणी तोडायचा दिवस कळवला. आदल्या दुपारी ताई गाडी घेऊन आली, मला सोबत घेतलं. डॉक्टरांचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. रस्ताभर ती पर्सवर हात ठेवून बसली होती. आत्यांनी आम्हाला पाहिलं आणि तांदळाच्या डब्यातून एक फळ काढलं. हंगामातलं शेवटचं. त्यांनी स्वतःच ठेचलं, स्वतःच वाटी भरली, स्वतःच ठेवून आल्या. आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसून राहिलो. ताई कितीदा तरी म्हणाली, "आई, चल ना गं." आत्या म्हणाल्या, "वाटी येऊ दे."

या वेळी कसलाही आवाज आला नाही. पानही हललं नाही. ऊन भिंतीवरून सरकलं आणि आम्ही पाहिलं, तर भिंतीवर वाटी परत आलेली होती. आत्या उठून गेल्या, त्यांनी ती खाली घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो. वाटी रिकामी होती. घासलेली, धुतलेली आणि कोरडी पुसलेली.

मला आत्यांसाठी वाईट वाटलं. मी म्हणालो, "आत्या, एखादे वेळी नसेल काही घरात."

त्यांनी वाटी उलटी करून दाखवली. ती आम्ही ठेवलेली वाटी नव्हतीच. जुनी, जाड, काठाला पोचा आलेली. तळाशी टिंबाटिंबांनी आत्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं.

"ही ती," आत्या म्हणाल्या. "पलीकडच्या काकूंना दवाखान्यात नेलं त्या सकाळी शिरा दिला होता मी हिच्यात. म्हणाल्या, वापस आके देती हूं." त्यांनी पदराने वाटीचा काठ पुसला, पुसायला काही नव्हतं तरी. मग ताईला म्हणाल्या, "तुला आठवत नाही. तू लहान होतीस. बदली झाली की लोक आदल्या दिवशी एकमेकांच्या वाट्या शोधून परत करायचे. तेवढी एकच वेळ, वाटी रिकामी द्यायची. म्हणजे समजायचं, निघाले."

"आणि आत्ता ठेवलेली वाटी?" ताईने विचारलं. ती भिंतीकडे बघत नव्हती.

"राहू दे तेवढी. लांब जायचंय त्यांना."

मग आत्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, आधी देव बांधू." ताईने पर्स उघडली नाही.

आमच्या घरात आजही असं मानतात की ती वाटी मी ठेवली. जुन्या बाजारातून घेतली, नाव कोरून आणलं आणि गुपचूप भिंतीवर ठेवली. मी आईची शपथ घेऊन नाही म्हणालो. बायको म्हणाली, "इतकं सुचतं तर घरात का नाही सुचत?" लग्नानंतर तिने माझ्या बुद्धीचं केलेलं हे एकमेव कौतुक, आणि तेही मी न केलेल्या गोष्टीचं.

आता ती ओळ नाही. झाडाचं काय झालं ते बघायला मी गेलो नाही. पत्रे लावलेत, आतलं दिसत नाही म्हणतात. आत्या साकेत नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्टला घाबरतात, मिरचीला नाही. परवा मी गेलो तेव्हा दुकानातलं फळ आणून त्यांनी ग्वाकामोले केलं होतं. "पाणचट आहे," म्हणाल्या, पण मिरचीने ती कसर भरून काढली होती. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतंच एक तरुण डॉक्टर जोडपं राहायला आलंय. त्यांना आत्यांनी सकाळी एक वाटी पाठवली होती. आम्ही भाकरी खात होतो तेव्हा बेल वाजली. ती मुलगी ड्यूटीवर निघाली होती, घाईत होती, डोळे अजून लालच होते. "आंटी, बहुत टेस्टी था, थँक्यू," म्हणत तिने वाटी आत्यांच्या हातात दिली आणि पळाली. वाटी लख्ख धुतलेली होती. रिकामी.

आत्या दाराशी उभ्या राहिल्या. लिफ्टचं दार बंद झालेलं ऐकू आलं, तरी उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "आत्या, या मुलांना माहीत नसतं हो. त्यांच्या काही मनात नाही."

"ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण माहीत नसताना माणूस निघून जात नाही, असं थोडंच आहे?"

आणि ती मुलगी ड्यूटीवरून परत येईपर्यंत दार उघडं ठेवून, त्या तिथेच खुर्ची टाकून बसल्या.