खंडेनवमीला चालू असलेली प्रेस

आमच्या कंपनीचा कारखाना बेंगळुरूबाहेर होसकोट्याला आहे आणि तो चालतो इलेक्ट्रॉनिक सिटीतून. हे वाक्य आमच्या साहेबांचं. पाहुण्यांसमोर ते हमखास हशा मिळवतं. होसकोट्याला पत्रा दाबून मोटारींचे भाग काढणाऱ्या प्रेस आहेत, आणि इकडे ऑफिसात त्यांची डिजिटल जुळी भावंडं. म्हणजे खऱ्या प्रेसला लावलेले सेन्सर आकडे पाठवतात आणि त्यावर पडद्यावरची प्रेस हलते. खरी तापली की पडद्यावरची लाल होते. फरक एवढाच, की खऱ्या प्रेसखाली तेल सांडलेलं असतं आणि पडद्यावरच्या प्रेसखाली पंगत बसवावी इतकी स्वच्छ फरशी.

हे जुळं सांभाळायला मला घेतलं याचे उपकार मी मानतो. मी निपाणीकडचा, घरातला पहिला पदवीधर. वडील शिंपीकाम करतात. नोकरी मात्र अजून कच्ची होती. "परदेशी पाहुणे खूश झाले आणि त्यांच्याकडून जुळ्याचं काम मिळालं, की तुला कायम करून टाकू," असं साहेबांनी सांगितलं होतं. घरी आईनं कायम झाल्यावर वाटायच्या पेढ्यांचं दुकानही ठरवून ठेवलं होतं.

पाहुण्यांना दाखवायचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. आमच्या ऑफिसात सुट्ट्या गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे असतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते आदल्या दिवशी. मी कारखान्याच्या फोरमनना फोन केला. ते बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घराण्यातले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"अण्णा, उद्या एक प्रेस थोडा वेळ चालवाल का? पाहुणे बघणार आहेत."

"आयुधपूजेला? तुझे वडील चालवतात काय रे शिवणयंत्र त्या दिवशी?"

मी नाही म्हणालो. दारात नवरदेव उभा असला तरी वडील त्या दिवशी कात्रीला हात लावत नाहीत.

"मग? तुझी पडद्यातली चालव की. तिला कोण हळद लावतंय. सरी, ठीक आहे, ठेवतो."

साहेबांना सांगितलं, तर ते मुळीच घाबरले नाहीत. "मागच्या आठवड्याचे आकडे सोड पडद्यावर."

"पण सर, आपण हे लाइव्ह आहे म्हणतो."

"तेव्हा होते ना लाइव्ह?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची प्रेस दणादण चालली. भाग पडत होते, तापमान उत्तम. साहेब सांगत होते, की खऱ्या यंत्राला ठेच लागायच्या आधी जुळ्याला कळते. पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "खरी प्रेस शेजारी दाखवता येईल?" कारखान्यात कॅमेरा होता, आणि तो जोडायचं बटण मीच हौसेनं बसवलं होतं. साहेब काही बोलायच्या आत बाईंनी ते दाबलं.

डावीकडे प्रेस चाललेली. उजवीकडे तीच प्रेस, न्हाऊन माखून, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार. पुढ्यात अण्णा कोहळा फोडत होते. मग त्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली. कॅमेराही यंत्रच, तो एकटा पूजेवाचून का राहावा? ते जवळ आले आणि त्यांनी भिंगाला भरघोस कुंकू लावलं. आमचा अर्धा पडदा लाल झाला.

"तापली का?" एका पाहुण्यानं घाबरून विचारलं.

"नियोजित देखभाल," साहेब म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "ही प्रेस या क्षणी चालू आहे का?"

 मला दुसरं उत्तर सुचलंच नाही. म्हणालो, "नाही. आज आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सगळी बंद आहेत."

"मग डावीकडे काय चाललंय?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले, "तो आदर्श. कारखान्यानं आज जे करायला हवं होतं, ते जुळं करतंय."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांना हे फारच पटलं. यंत्र बंद पडलं तरी उत्पादन दाखवत राहणारी व्यवस्था त्यांनी बहुधा प्रथमच पाहिली असावी.

काम आम्हाला मिळालं आणि मी कायम झालो. पाहुण्यांची अट एकच होती: पुढच्या वर्षी खरं यंत्र आणि जुळं यांत तफावत दिसता कामा नये. साहेबांनी कारखान्याला खंडेनवमीला यंत्रं चालवायला सांगून पाहिलं. अण्णांनी काय उत्तर दिलं ते साहेब सांगत नाहीत. तेव्हा बदलायचं ते जुळ्यानं, असं ठरलं.

घरी फोन केला. आई रडली. वडिलांनी विचारलं, "कायम झाल्यावर पहिलं काम काय दिलं?"

"झेंडूचा हार करायला सांगितलाय. यंत्रासाठी."

 वडील म्हणाले, "साहेब देवभोळा दिसतोय. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. धरून राहा."